मुक्या दुकानदारासमोर ग्राहक
स्वयंचलित विक्रीयंत्रे आणि सवलतीचे संच

रेल्वेच्या फलाटावरील वजनाचे यंत्र मागील पिढीच्या चांगलेच परिचयाचे आहे. खाचेत नाणे टाकावे, रंगीत दिवे लुकलुकावेत आणि खालच्या कप्प्यात जाड कागदाचे एक लहानसे तिकीट पडावे. तिकिटाच्या एका बाजूस वजन आणि दुसऱ्या बाजूस भविष्याची एक ओळ! प्रवाशाला हवे असे ते वजन. भविष्य त्यासोबत आपोआप मिळे. एका नाण्यात दोन गोष्टी देण्याची ही युक्ती निरुपद्रवी होती. परंतु आज रुग्णालये, महाविद्यालये, रेल्वे स्थानके आणि कार्यालये यांमधून जी काचेची विक्रीयंत्रे उभी राहत आहेत, त्यांतील ‘दोन वस्तू एकत्र घ्या, पैसे वाचवा’ ही जाहिरात तितकीशी साधी नाही. तिचे स्वरूप नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

एक प्रसंग

जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका रुग्णालयात काही दिवसांपूर्वी प्रस्तुत लेखकाने पाहिलेला प्रसंग येथे नमूद करावासा वाटतो. रात्रीचे अकरा वाजले होते. बाहेरची दुकाने बंद झाली होती. रुग्णासोबत आलेल्या एका वृद्ध गृहस्थांना पाण्याची एक बाटली हवी होती. यंत्रात सुट्या बाटल्यांचा कप्पा रिकामा होता. बाटली, बिस्किटांचा पुडा आणि वेफर्स असा सवलतीचा संच मात्र उपलब्ध होता. “मला फक्त पाणी हवंय हो,” असे ते यंत्राकडे पाहून म्हणाले. यंत्र काय उत्तर देणार? अखेर त्यांनी पूर्ण संच घेतला. सवलत मिळाली हे खरे. पण वीस रुपयांचे काम पंचेचाळीस रुपयांत झाले.

दुकानात हेच घडले असते, तर त्यांनी दुकानदाराशी चार शब्द बोलून सुटी बाटली मागितली असती. यंत्राच्या बाबतीत अडचण नेमकी हीच आहे. येथे ग्राहकाला विचारता येत नाही, घासाघीस करता येत नाही, आणि पैसे भरण्यापूर्वी वस्तू हातात घेऊन उलटसुलट पाहताही येत नाही.

कल्पना जुनी, साधने नवी

नाणे टाकताच वस्तू देणाऱ्या यंत्राची कल्पना नवी नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रिया येथील हेरॉन या गणितज्ञाने मंदिरातील पवित्र जल देणाऱ्या यंत्राचे वर्णन करून ठेवले आहे. नाण्याच्या भाराने तरफ कलत असे, झडप उघडून थोडे पाणी बाहेर येई आणि नाणे घसरून पडताच झडप मिटत असे. आधुनिक काळात १८८३ साली पर्सिव्हल एव्हरिट यांनी लंडनमध्ये पोस्टकार्डे विकणारे यंत्र आणले. पुढे १८८८ मध्ये न्यूयॉर्कच्या उन्नत रेल्वेच्या फलाटांवर च्युइंगगमची यंत्रे बसविण्यात आली.

आजच्या यंत्रात तरफेच्या जागी विजेची मोटार आहे. काचेमागील प्रत्येक ओळीत तारेचे एक वेटोळे असते. ग्राहकाने क्रमांक दाबून पैसे भरले, की ते वेटोळे एक फेरा घेते आणि पुढची वस्तू खाली ढकलते. अनेक यंत्रांत वस्तू खरोखरच पडली किंवा नाही, हे प्रकाशकिरणांच्या साहाय्याने तपासले जाते. २०१६ साली यूपीआय ही प्रणाली सुरू झाल्यापासून सुट्या नाण्यांची अडचणही पुष्कळ अंशी दूर झाली. मोबाइलवरून चौकोनी संकेतचिन्ह टिपले, की व्यवहार पूर्ण होतो.

संच कशासाठी?

विक्रेत्याच्या दृष्टीने पाहिल्यास संच विकण्यामागे काही रास्त कारणे आहेत. यंत्राचे जागाभाडे, वीज आणि माल भरण्यासाठी माणसाची फेरी हा खर्च एक वस्तू विकली तरी होतो आणि तीन विकल्या तरी होतो. एका वेळी अधिक माल खपला, तर प्रत्येक वस्तूमागील खर्च घटतो आणि त्यातील काही वाटा सवलतीच्या रूपाने ग्राहकाला देता येतो. अशी सवलत खरी असेल, तर तिचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु दुसरी कारणेही असतात. मंद खपाचा माल वेगाने खपणाऱ्या मालाच्या पाठीवर बसवून काढता येतो. वापराची मुदत जवळ आलेल्या वस्तू संचात घालून संपविता येतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ‘सवलत’ हा शब्द वाचल्यावर बहुतेक ग्राहक हिशेब करीत नाहीत.

हिशेबाचे एक उदाहरण घेऊ. समजा, सुटा बिस्किटांचा पुडा ६० ग्रॅम वजनाचा असून त्याची किंमत १० रुपये आहे. त्याच बिस्किटांच्या तीन पुड्यांचा संच ‘३० रुपयांचा माल २७ रुपयांत’ असा जाहीर केला आहे. मात्र संचातील प्रत्येक पुडा ५० ग्रॅमचा आहे. सुट्या पुड्यात एक ग्रॅम सुमारे पावणेसतरा पैशांना पडतो. संचात तोच अठरा पैशांना पडतो. म्हणजे सवलतीचा संच प्रत्यक्षात महाग आहे! वजन वेष्टनावर छापलेले असतेच; पण ते पाठीमागच्या बाजूस असेल, तर काचेबाहेर उभ्या असलेल्या ग्राहकाला ते दिसणार कसे?

कायदा काय सांगतो?

वेष्टनबद्ध वस्तूंविषयीचे केंद्र सरकारचे सध्याचे नियम २०११ चे असून ते वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ अन्वये करण्यात आले आहेत. या नियमांत संचांचे तीन प्रकार ओळखले आहेत. भिन्न वस्तूंचा संच, सारख्या परंतु वजनाने अथवा आकाराने वेगळ्या वस्तूंचा संच, आणि एकाच वस्तूच्या समान नगांचा संच. उत्पादकाचे नाव व पत्ता, वस्तूचे नाव, निव्वळ वजन किंवा संख्या, सर्व करांसह कमाल किरकोळ विक्री किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क ही माहिती वेष्टनावर असावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. छापील कमाल किमतीपेक्षा अधिक दराने विक्री करण्यास मनाई आहे. विक्री माणसाने केली काय किंवा यंत्राने केली काय, त्याने फरक पडत नाही. यंत्राचा देखभाल खर्च म्हणून वरचे दोन रुपये घेण्याची मुभा कोणालाही नाही. २०२१ साली केलेल्या दुरुस्तीने प्रति ग्रॅम, प्रति किलो अशी एकक किंमत दर्शविण्याची तरतूदही नियमांत आली. वरील बिस्किटांचा हिशेब ग्राहकाला सहज करता यावा, हाच तिचा हेतू आहे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील दोन तरतुदी या विषयाला थेट लागू पडतात. वस्तूची किंमत एकूण रकमेत पूर्णतः किंवा अंशतः वसूल करून ती ‘मोफत’ असल्याचा भास निर्माण करणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तसेच, एक वस्तू हवी असल्यास दुसरीही घेतलीच पाहिजे, अशी अट घालणे ही प्रतिबंधात्मक व्यापारी प्रथा मानली जाते. सुट्या वस्तूंबरोबर संचाचा पर्याय ठेवण्यास हरकत नाही. संचाशिवाय पर्यायच न ठेवणे हे मात्र आक्षेपार्ह आहे.

कराचाही एक मुद्दा आहे. वेगवेगळ्या दरांच्या वस्तू एकाच किमतीत एकत्र विकल्यास वस्तू व सेवा कर कायद्यानुसार तो ‘मिश्र पुरवठा’ ठरतो आणि त्यातील सर्वाधिक दराचा कर संपूर्ण संचावर आकारला जातो. तेव्हा संच म्हणजे स्वस्त माल हे समीकरण येथेही गृहीत धरता येत नाही.

जागा देणाऱ्याची जबाबदारी

यंत्र जरी खाजगी कंपनीचे असले, तरी ते पुष्कळदा सार्वजनिक जागेत उभे असते. ती जागा देण्याचा निर्णय एखादा विभागप्रमुख, मुख्याध्यापक किंवा ग्रामपंचायत घेत असते. करारनाम्यात केवळ भाड्याची रक्कम लिहून हे कर्तव्य संपत नाही. पुढील अटी त्यात घालणे कठीण नाही.

यंत्राच्या बाहेर मराठीत दरपत्रक असावे आणि त्यात प्रत्येक वस्तूचे वजन, छापील किंमत, वापराची मुदत व संचाची किंमत लिहिलेली असावी. संचातील प्रत्येक वस्तू सुटीही मिळावी. पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत यास अपवाद नसावा. चालकाचे नाव, दूरध्वनी क्रमांक आणि अन्न परवान्याचा क्रमांक ठळक असावा. पैसे जाऊन वस्तू न मिळाल्यास ते किती दिवसांत व कसे परत मिळतील, हे तेथेच नमूद असावे. सुटे दूध मोजून देणारे यंत्र असल्यास त्याच्या मापाची पडताळणी व मुद्रांकन झाले आहे, याची खात्री करून घ्यावी.

शाळांच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. शालेय मुलांच्या आहारासंबंधीच्या २०२० च्या केंद्रीय विनियमांनुसार अतिरिक्त स्निग्धांश, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. मुलांच्या हातचे पाच-दहा रुपये रंगीत संचाकडे चटकन वळतात. म्हणून शिक्षकांनी प्रति ग्रॅम किमतीचा हिशेब गणिताच्या तासाला फळ्यावर मांडला, तर तो धडा आयुष्यभर उपयोगी पडेल.

तक्रार कोठे करावी?

पैसे खात्यातून गेले परंतु विक्रेत्याकडे व्यवहाराची नोंदच झाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयची अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप परत जमा व्हावयास हवी. त्यानंतरच्या विलंबासाठी प्रतिदिन १०० रुपये भरपाई ठरलेली आहे. व्यवहार पूर्ण होऊनही वस्तू पडली नाही, तर मात्र जबाबदारी यंत्रचालकाची आहे. अशा वेळी यंत्राचे आणि व्यवहाराच्या नोंदीचे छायाचित्र जपून ठेवावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. वजन किंवा छापील किमतीसंबंधीची तक्रार जिल्ह्यातील वैध मापनशास्त्र कार्यालयाकडे करावी. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची वेळ आलीच, तर पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही आणि तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातही दाद मागता येते.

एकत्र खरेदी ही मुळात वाईट गोष्ट नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे संघ करून महिन्याचा माल एकत्र खरेदी करण्याची आणि तो रास्त दराने वाटून घेण्याची पद्धत यशस्वी करून दाखविली. तेथे काय घ्यावयाचे, हे ग्राहकच ठरवितो. यंत्रातील संच मात्र विक्रेत्याने ठरविलेला असतो, एवढाच काय तो फरक. परंतु तो लहान नाही.

यंत्र मुके आहे आणि ते मुकेच राहणार. त्याच्या वतीने बोलावयाचे ते दरपत्रकाने आणि करारनाम्याने. रात्री अकरा वाजता रुग्णालयात पाण्याची बाटली शोधणाऱ्या माणसाला ती वीस रुपयांत मिळावी, हे पाहण्याचे काम जागा देणाऱ्या आपल्यासारख्यांचेच आहे.