छातीचे सहा मिलिमीटर

चेंबूरच्या मैत्री पार्कावरून अणुशक्तीनगरकडे निघालेल्या बसमध्ये पन्नास माणसे आहेत असे धरा. त्या सगळ्यांच्या अंगात मिळून दर सेकंदाला दीड लाखाच्या वर अणू फुटत असतात. यात भाभा अणुसंशोधन केंद्राचा काही हात नाही. केळी, डाळी, बटाटे, शहाळ्याचे पाणी यांतून पोटात जाणारे पोटॅशियम जात्याच थोडे किरणोत्सर्गी असते. एका ग्रॅममागे सेकंदाला ३१ विघटने. माणसाच्या अंगात ते शंभर ग्रॅमच्या मागेपुढे असते. म्हणजे एकट्याच्या खात्यावर दिवसाला सुमारे २७ कोटी.

प्रश्न असा की बाहेर बसून हे मोजायचे कसे? दर दहा विघटनांमागे जेमतेम एक गॅमा किरण निघतो, आणि त्यातलेही बहुतेक शोधकाच्या वाटेला जातच नाहीत. ट्रॉम्बेला भाभा केंद्राच्या कर्मचाऱ्यांची अशी मोजणी होते, ती बाहेरचा किरणोत्सर्ग अडवणाऱ्या जाड आडोशात. पण शोधकावर शंभर ठोके पडले तर आत ऐवज किती, हे आडोसा सांगत नाही. त्यासाठी एक नकली माणूस लागतो, ज्याच्या पोटात काय आणि किती घातले आहे हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. यातला सर्वांत साधा प्रकार म्हणजे ‘बोमॅब’ : डोके, मान, छाती, ओटीपोट, दोन हात, दोन मांड्या, दोन पोटऱ्या असे प्लॅस्टिकचे दहा डबे, आत मोजून टाकलेले किरणोत्सर्गी द्रव्य आणि पाणी.

हा डब्यांचा माणूस शरीररचनेच्या मेणपुतळ्यांचा थेट वंशज आहे, असे माझे मत. फ्लॉरेन्सच्या ‘ला स्पेकोला’ संग्रहालयात (लोकांना खुले झाले १७७५ साली) असे सुमारे १४०० मेणाचे नमुने आहेत. क्लेमेंते सुसिनी हा तिथला सर्वांत नावाजलेला कारागीर. समोर विच्छेदन केलेला देह, त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यात रंगीत मेणाचे थरावर थर, आणि केसाएवढ्या वाहिन्यांसाठी मेणात बुडवलेला रेशमाचा धागा. देह टिकवण्याची सोय नव्हती, त्यामुळे एका पूर्ण पुतळ्यापायी दोनशेवर मृतदेह लागत असे सांगतात. पवित्र रोमन सम्राट दुसऱ्या जोसेफने तिथूनच ११९२ नमुने करवून घेतले आणि ते खेचरांच्या पाठीवरून आल्प्स ओलांडून व्हिएन्नाकडे नेले. पेणहून गणपती आणताना सोंडेला धक्का लागू नये म्हणून आपण जीव मुठीत धरतो. इथे मेणाची आतडी डोंगर चढत होती.

सुसिनीचे गिऱ्हाईक होते डोळे. विसाव्या शतकात गिऱ्हाईक बदलले. क्ष-किरणाला रंगाशी, रेशमाशी काही देणेघेणे नाही; त्याला घनता कळते आणि कोणते अणू आहेत ते कळते. म्हणून त्याला चकवणारे मेण वेगळे झाले. ‘मिक्स-डी’ नावाच्या मिश्रणात शंभर ग्रॅममागे पॅराफिन मेण ६०.८, पॉलिथिन ३०.४, मॅग्नेशियम ऑक्साइड ६.४ आणि टायटॅनियम डायऑक्साइड २.४ ग्रॅम. डोळ्याला ते मांस मुळीच वाटणार नाही, क्ष-किरणाला वाटते.

नकली माणसाची खरी कसोटी लागते फुप्फुसात प्लुटोनियम गेल्याची शंका आली की. त्याचे क्षीण क्ष-किरण छातीच्या भिंतीतून बाहेर पडता पडता विझतात. स्नायूंच्या दर सहा मिलिमीटरमागे निम्मे. नकली छाती सहा मिलिमीटरने जास्त जाड झाली की खऱ्या माणसाचा हिशेब दुपटीने चुकला. बारा मिलिमीटरला चौपट. सुसिनीचा हात सहा मिलिमीटर हलला असता तर पाहणाऱ्याला कळलेही नसते.

मग ही छाती कोणाची? अमेरिकेत लिव्हरमोरला बनलेले प्रसिद्ध नकली धड १७७ सेंटिमीटर उंच आणि ७६ किलो वजनाच्या पुरुषाचे. १९७५ साली किरण-संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने ‘प्रमाण मानव’ ठरवला : ७० किलोचा, गोरा, पश्चिम युरोपीय किंवा उत्तर अमेरिकी राहणीचा, सरासरी १० ते २० अंश तापमानात राहणारा. मुंबईत पहाटेचा पारा पंधराला टेकला तर दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक बातमी येते! जपानने आपल्या लोकांच्या अंगलटीचे वेगळे धड घडवले. भाभा केंद्रातल्या संशोधकांनीही १९९०च्या दशकात भारतीय प्रमाण मानवाची मापे मांडली. त्याचे वजन बावन्न किलोच्या आसपास. डोस म्हणजे दर किलोमागे शोषलेली ऊर्जा. तेवढीच ऊर्जा बावन्नात वाटली तर सत्तरीच्या मानाने प्रत्येक किलोच्या वाट्याला तिसऱ्या हिश्शाने जास्त येते. ही किरकोळ दुरुस्ती नव्हे.

आता नकली माणूस संगणकातही असतो. २००९ साली आयोगाचा पुरुष सुमारे साडेएकोणीस लाख ठोकळ्यांचा होता, एकेक ठोकळा साडेछत्तीस घन मिलिमीटरचा. पण त्वचेचा किरणांना भिणारा थर पृष्ठभागाखाली ५० ते १०० मायक्रॉनवर असतो, आणि तो एवढ्या मोठ्या ठोकळ्यात कुठून सापडणार! म्हणून २०२० साली ठोकळे मोडून बारीक चतुष्फलक आले : पुरुषात ८२ लाख, स्त्रीत ८६ लाख. पुरुषाचे वजन मात्र ७३ किलो.