रीसेट केला, तरी डिस्क भरलेलीच?

संगणक रीसेट केला की तो नव्यासारखा रिकामा होईल, असे आपण धरून चालतो. पण विंडोजमध्ये ‘कीप माय फाइल्स’ हा पर्याय निवडला असेल, तर जुनी प्रणाली लगेच पुसली जात नाही. सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये ती गुंडाळून ठेवलेली असते. हे गाठोडे कित्येक जीबी जागा अडवते.

ते आधी उघडून पाहा. आतल्या ‘यूजर्स’ फोल्डरमध्ये एखादा फोटो किंवा कागद राहून गेला असेल, तर पेन ड्राइव्हवर काढून घ्या. एकदा पुसले की परत मिळणे कठीण.

हे फोल्डर थेट डिलीट करू गेलात तर विंडोज बहुधा परवानगी नाकारते. त्यासाठी सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स या वाटेने जा. यादीतल्या ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’वर खूण करून ‘रिमूव्ह फाइल्स’ दाबा. त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ही असते. तिथे खूण नाही ना, हे नीट बघा. आपली बिले, दाखले, मुलांचे निकाल बहुधा तिथेच असतात.

जागा मोकळी करताना डिस्कवरच्या ‘रिकव्हरी’ विभागाला (पार्टिशनला) मात्र हात लावू नका. संगणक सुरूच होईना, तेव्हा तोच कामी येतो.

एवढे करूनही 256 जीबीची डिस्क 238 जीबीच दिसली, तर घाबरू नका. कंपनी 1 जीबी म्हणजे 100 कोटी बाइट धरते, विंडोज सुमारे 107 कोटी. जागा तेवढीच, माप वेगळे.