फोटोतला पांढरा डोळा

फ्लॅशने काढलेल्या फोटोत बाळाची एक बाहुली पांढरी चमकली, तर आईबाप बिचारे कॅमेऱ्यालाच दोष देतात. बहुतेक वेळा काही नसतंही. पण कधीकधी ती रेटिनोब्लास्टोमाची, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या कर्करोगाची खूण असते.

हा आजार झालेल्या मुलांच्या पालकांनी १९८७ साली लंडनमध्ये डॉक्टरांच्या साथीने एक छोटीशी संस्था काढली. आज ती ‘चाइल्डहूड आय कॅन्सर ट्रस्ट’ म्हणून ओळखली जाते. ब्रिटनमध्ये वर्षाला जेमतेम ४०-५० मुलांना हा आजार होतो, त्यामुळे शेजारीपाजारी सल्ला देणारं कुणी भेटतच नाही. लंडन आणि बर्मिंगहॅमच्या ज्या दोन रुग्णालयांत उपचार होतात, तिथेच संस्थेचे कार्यकर्ते पालकांना भेटतात. जीव वाचवायला लेकराचा डोळा काढावा लागेल, हे ऐकून सुन्न झालेल्या आईजवळ बसायला डॉक्टरांना सवड कुठून असणार? कृत्रिम डोळ्याची सवय कशी लावायची, शाळेत काय सांगायचं, धाकट्या भावंडाचे डोळे का तपासायचे (आजार आनुवंशिक असू शकतो), हे सारं ते धीराने समजावतात.

वेळीच निदान झालं, तर तिथली जवळपास सगळी मुलं वाचतात. म्हणूनच २०१४ साली संस्थेने मुलांच्या चेहऱ्यांची पोस्टर्स लावली. मोबाइलच्या फ्लॅशने फोटो काढला, की पोस्टरमधल्या मुलाची बाहुली पांढरी दिसायची.