वीरांच्या मिरवणुकींत आपलें वेगळें मूल

नाशिकचा शिमगा एका दिवसांत उरकत नाहीं. फाल्गुनी पौर्णिमेस होळी पेटते, दुसरे दिवशीं धुळवडीला वीर निघतात, आणि पुष्कळ ठिकाणीं धुळवडीसच संपणारा रंगाचा खेळ येथें रंगपंचमीपर्यंत राखून ठेवलेला असतो. वीर म्हणजे काय, हें नाशिकबाहेरच्या वाचकांस थोडें सांगितलें पाहिजे. घराण्यांतील जो पुरुष लढाईंत किंवा अन्य प्रकारें अकालीं गेला, त्याच्या स्मरणार्थ कित्येक घरांत देवांबरोबर त्याचा टाक पूजेंत असतो. धुळवडीच्या दिवशीं तो टाक खोबऱ्याच्या वाटींत ठेवून वाजतगाजत गोदावरीवर नेतात, त्यास स्नान घालतात आणि पुन्हां घरीं आणतात. बरोबर मुलें राम, कृष्ण, शंकर अशीं सोंगें घेऊन चालत असतात. दाजीबा वीर, ज्यास बाशिंगे वीर असेंहि म्हणतात, त्याच्या मिरवणुकीस तर सारें जुनें नाशिक लोटतें.

या गर्दींत एक मूल बहुधा दिसत नाहीं. त्याच्याविषयीं आज लिहावयाचें आहे.

द्वारकेजवळ, काठे गल्लीच्या बाजूस, एखादें एकत्र कुटुंब राहतें असें समजूं. (ही द्वारका सौराष्ट्रांतील नव्हे, मुंबई-आग्रा रस्त्यास पुण्याचा रस्ता जेथें मिळतो तो नाशिकचा चौक, तेथील वाहनांचा गोंगाट ज्यानें ऐकला आहे त्यास श्रीकृष्णाच्या नगरीची आठवण होणें कठीणच!) घरांत बारा माणसें, त्यांत पांच मुलें. चार मुलें दुपारपासून आरशापुढें उभीं आहेत. पांचवें नऊ वर्षांचें. तें स्वमग्न आहे, बोलत नाहीं, मोठा आवाज झाला कीं कानांवर हात ठेवतें. ‘त्यास झेपणार नाहीं’ असें ठरलेलें आहे. केव्हां ठरलें, कोणीं ठरविलें, हें कोणासच सांगतां येणार नाहीं. त्याच्याबरोबर त्याची आईहि घरीं राहते. गेल्या वर्षीं तीच राहिली होती, त्याच्या आदल्या वर्षींहि तीच. म्हणजे चार पिढ्यांपूर्वीं गेलेला पुरुष सर्वांच्या हातांवर बसून नदीवर जातो, आणि घरांतलें जिवंत मूल दाराआड राहतें.

मुलाची काळजी खोटी असते असें आमचें म्हणणें नाहीं. गर्दी, पाणी, विस्तव, वाद्यें हीं सर्व खरोखरच धोक्याचीं आहेत. परंतु सर्व घरांत हेंच एक कारण असतें काय? ‘लोक काय म्हणतील’ हें दुसरें कारण आहे, आणि त्याच्याहि मागें, फारसें न बोललें जाणारें तिसरें आहे: मोठ्या बहिणीचें लग्न व्हावयाचें आहे, घरांत असें मूल आहे हें चारचौघांत दिसलें तर सोयरीक अडेल. वडील मंडळींची ही भीति अगदींच निराधार आहे असें म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाहीं. तथापि सोयरीक करणाऱ्या घरास ही गोष्ट आज ना उद्यां कळावयाचीच; लपवून ठेवलेली कळली तर अधिक वाईट रीतीनें कळते. शिवाय ज्या बहिणीच्या नांवावर हें सारें चालतें तिला कोणी विचारलेलें असतें काय? पुष्कळदां भावास बरोबर घेऊन जाण्याची इच्छा सर्वांत अधिक तिचीच असते.

ज्यांस कायद्याचा आधार हवा त्यांच्यासाठीं सांगतों. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अंमलांत आला. १९९५ च्या जुन्या कायद्यांत सातच प्रकारचीं अपंगत्वें मानलीं होतीं. नव्यांत तीं एकवीस झालीं व स्वमग्नता त्यांत स्वतंत्रपणें आली. याच अधिनियमाच्या २९ व्या कलमानें सांस्कृतिक जीवनांत व करमणुकींत इतरांच्या बरोबरीनें भाग घेण्याचा हक्क मान्य केला आहे. म्हणजे मिरवणुकींत त्या मुलानें येणें ही कोणाची मेहेरबानी नव्हे. आणि नाशिकास हा विचार नवा नाहीं. रजनी लिमये या शिक्षिकेनें, आपल्याच मुलाच्या निमित्तानें या प्रश्नास सामोरें जाऊन, मतिमंद मुलांसाठीं प्रबोधिनी विद्यामंदिर येथें काढलें तें १९७७ सालीं. तेव्हां कायदाहि नव्हता.

आपल्यापैकीं कित्येकांचे मुलगे-सुना अमेरिकेंत आहेत. तिकडे ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळीं मुलें भुताखेतांचीं सोंगें घेऊन घरोघर खाऊ मागत हिंडतात. त्यास हॅलोवीन म्हणतात. ज्या मुलांस शेंगदाणे, दूध असे पदार्थ बाधतात त्यांच्यासाठीं २०१४ पासून तिकडे एक देशव्यापी चाल पडली आहे: ज्या घरीं खाऊऐवजीं खेळणें, पेन्सिल असें कांहीं ठेवलेलें असेल, त्या घराच्या दाराशीं निळसर हिरव्या रंगाचा भोपळा ठेवावयाचा. न बोलतां कळणारी ही खूण आम्हांस फार आवडली. न बोलणाऱ्या मुलांच्या हातीं निळी बादली द्यावी, म्हणजे दार उघडणारा समजून घेईल, अशीहि एक कल्पना तिकडे निघाली; परंतु पुष्कळ आईबापांस ती रुचली नाहीं. मुलाचें व्यंग दारोदार जाहीर कां करावें, असें ते विचारतात. आमचेंहि मत त्यांच्याच बाजूस झुकतें. खूण घरानें लावावी, मुलास लावूं नये. आपल्याकडे संक्रांतीस तिळगुळाची वडी हातांत धरून ‘आधीं बोल, मग देतों’ म्हणणारे काका घरोघर असतात. न बोलणाऱ्या मुलास ती वडी निमूटपणें द्यावी, इतकें त्यांना समजावलें तरी पुरे.

आतां धुळवडीच्या तयारीकडे वळूं. आमच्या समजुतीनें अर्धें काम आधींच्या आठवड्यांत होतें. स्वमग्न मुलास त्रास होतो तो पुष्कळदां अनपेक्षितपणाचा. म्हणून घरीं चार-सहा चित्रें काढावीं किंवा गेल्या वर्षींचीं छायाचित्रें क्रमानें लावावीं: आपण कपडे घालणार, रस्त्यानें चालणार, ढोल वाजणार, नदी दिसणार, मग घरीं येऊन दूधभात खाणार. रोज संध्याकाळीं तीं एकदां दाखवावीं. शेवटचें चित्र घरीं परतण्याचेंच असावें, कारण ‘हें संपणार आहे’ हें कळणें त्या मुलास सर्वांत धीर देणारें असतें. सोंगहि आठ दिवस आधीं पांच पांच मिनिटें अंगावर चढवून पाहावें. जरीच्या शिवणी टोंचतात, डिंकानें चिकटविलेली मिशी असह्य होते, बाशिंगाच्या मुंडावळ्या डोळ्यांवर आल्या कीं मूल बिथरतें. आंत जुना मऊ सुती सदरा घालून वर एक पितांबर आणि हातांत बांसरी दिली तरी कृष्ण होतो. मुकुट नाकारला तर तो कृष्ण मुकुटाशिवाय असूं द्यावा. यशोदेच्या घरीं तो सदासर्वकाळ मुकुट घालूनच बसत होता असें थोडेंच आहे?

जें मूल चाकांच्या खुर्चींत बसतें त्याच्यासाठीं आम्हांस अर्जुन सुचतो. खुर्चीच्या बाजूंस रंगविलेला पुठ्ठा लावला कीं रथ झाला, आणि ढकलणारा भाऊ आपोआप सारथि झाला. उपरण्याचीं टोकें चाकांत जाणार नाहींत एवढें पाहावें. घाटाच्या दगडी पायऱ्यांवरून खुर्ची उचलून नेण्याचा अट्टाहास मात्र करूं नये. ओल्या दगडावर एकाचा पाय घसरला तर दोघांचे हाल होतात. टाक खालीं नदीवर न्यावा, स्नान झाल्यावर तो वर मुलाच्या ओंजळींत द्यावा. अंध मुलाच्या हातीं तर तो आधींच द्यावा. चांदीवर उठविलेली आकृति, खोबऱ्याची वाटी, ढोलाचें थरथरणारें कातडें हें सर्व त्यास बोटांनीं पाहूं द्यावें. चालतांना त्यास मागून ढकलूं नये. त्यानें आपलें कोपर धरावें आणि आपण अर्धें पाऊल पुढें चालावें. बहिऱ्या मुलाशीं बोलतांना आपल्या तोंडावरचें सोंग काढावें, कारण तें आपले ओठ वाचीत असतें.

द्वारकेहून सारडा सर्कल, शालिमार या बाजूनें रामकुंडापर्यंत दोन-अडीच किलोमीटर अंतर होईल. तें सर्व मिरवणुकीबरोबरच चाललें पाहिजे असें कोठें आहे? मुलास एखाद्या ओळखीच्या घराच्या ओट्यावर बसवून वीर समोरून जातांना दाखविले, तो टाक आला तेव्हां पंधरा मिनिटें त्याच्याबरोबर चालविलें, आणि रिक्षानें परत आणलें, तरी तें वीराबरोबर गेलें असेंच म्हणावें. वाद्यांविषयीं मात्र मंडळांस स्पष्ट सांगण्याची वेळ आली आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं राहत्या वस्तींत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. ध्वनिक्षेपकाच्या भिंती उभ्या केल्या म्हणजे ती कोठल्या कोठें राहते. कान झांकणारे जाड कर्णरोधक मिळतात, ते मुलास अवश्य द्यावे; परंतु सगळा बंदोबस्त मुलाच्याच कानांवर कां? आपल्या गल्लीच्या तोंडाशीं शंभर पावलें वाद्य थांबवावें, एवढी विनंति आजोबांनीं मंडळाच्या मुलांस केली तर ती सहसा मोडली जात नाहीं. आजोबांच्या शब्दास अजून जें वजन आहे तें अशा कामीं खर्च करावें.

एका बाबतींत मात्र कसलीहि सवलत नाहीं. ती म्हणजे पाणी. स्वमग्न मुलांपैकीं कित्येकांस पाण्याची विलक्षण ओढ असते आणि धोक्याची जाणीव नसते. हात सुटला कीं तें मूल थेट पाण्याकडे धांवतें, आणि हांक मारली तरी ओ देत नाहीं. असें निसटलेलें मूल शोधतांना आधीं पाण्याकडे धांवावें, गर्दीकडे मागाहून. सिंहस्थांत हरवलेल्या माणसांचीं नांवें ध्वनिक्षेपकावरून पुकारतात. ज्यास स्वतःचें नांव सांगतां येत नाहीं त्यास त्याचा काय उपयोग? म्हणून सदऱ्याच्या आंतल्या बाजूस कापडी पट्टीवर दोन दूरध्वनि-क्रमांक शिवावे. नांव बाहेरून दिसेल असें लिहूं नये, कारण नांवानें हांक मारणाऱ्या परक्या माणसामागें मूल जाऊं शकतें. त्या दिवशींच्या कपड्यांचें छायाचित्र निघण्यापूर्वीं घेऊन ठेवावें, आणि मुलांसाठीं असलेला १०९८ व पोलिसांचा ११२ हे क्रमांक घरांतील प्रत्येकास पाठ असावे.

आणि मुलाचा हात कोणीं धरावयाचा? येथें एकत्र कुटुंबाचा खरा उपयोग आहे. ‘सगळेच बघताहेत’ याचा अर्थ बहुधा कोणीच बघत नाहीं असा होतो. म्हणून अर्ध्या अर्ध्या तासाची पाळी लावावी: काका, आत्या, मोठी बहीण. ज्याची पाळी त्याच्या हातांत दुसरें कांहींच नको, फोनहि नको. आईस त्यांतून एक तास पूर्ण मोकळा द्यावा. तिनें नवें लुगडें नेसून, हात हलवीत, वीराच्या पुढें चालावें. कितीतरी वर्षांनीं ती मिरवणूक पाहत असेल.

होळीच्या रात्रीविषयीं थोडेंच. पेटत्या होळीजवळ नायलॉनचे कपडे नकोत. ते वितळून अंगास चिकटतात. साखरेच्या कडक गाठी, शेंगदाणे, चिवडा हे ज्या मुलास नीट गिळतां येत नाहीं त्यास देऊं नयेत. पुरणाची पोळी दुधांत अगदीं मऊ कुसकरून द्यावी. अपस्माराच्या मुलाचें औषध सणाच्या गडबडींत चुकतें आणि जागरण होतें, आणि या दोहोंनींहि झटका येऊं शकतो. त्यास वेळेवर निजवावें. झटका आलाच तर कुशीवर वळवावें, गळ्याजवळचे कपडे सैल करावे, घड्याळ पाहावें. हातपाय दाबून धरूं नयेत, तोंडांत चमचा किंवा पाणी घालूं नये. कांदा आणि जोडा हुंगविण्याचा जुना उपाय तर कायमचा सोडून द्यावा. पांच मिनिटांत झटका थांबला नाहीं तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

रंगपंचमीस जुन्या नाशकांतील रहाडी उघडतात. पेशवाईच्या काळापासूनचे हे खोल दगडी हौद वर्षभर बुजविलेले असतात. त्या दिवशीं ते रंगीत पाण्यानें भरतात आणि वरून उड्या पडतात, त्यास धप्पा म्हणतात. ही उडी मात्र आपल्या मुलासाठीं नव्हे, विशेषतः डाउन सिंड्रोम असलेल्या मुलासाठीं; त्यांच्यापैकीं कांहींच्या मानेच्या वरच्या मणक्यांचे सांधे सैल असतात, आणि डोक्यावर किंवा मानेवर आदळणें त्यांस फार महागांत पडतें. त्यांच्यांतील पुष्कळांस जन्मतःच हृदयाचा विकारहि असतो, म्हणून दम लागतो काय हें पाहत राहावें. परंतु रहाड घरीं आणतां येते. आदल्या रात्रीं पळसाचीं फुलें उकळून ठेवावीं, सकाळीं तें केशरी पाणी अंगणांतल्या घंगाळांत कोमट करून ओतावें, आणि सर्व चुलत-मावस भावंडांनीं प्रथम तेथें खेळावें. रहाडीवर ज्यांना जावयाचें असेल त्यांनीं मागाहून जावें. ज्या मुलास अंगावर पाणी नको असेल त्यानें दुसऱ्यावर उडवावें, त्यास कोणीं रंगवूं नये. श्रवणयंत्र खेळापूर्वीं काढून डबींत ठेवावें लागतें. तेवढा वेळ त्या मुलास कांहींच ऐकूं येत नाहीं, हें बाकीच्या मुलांस आधीं सांगून ठेवावें. त्याच्या पाठीमागून जाऊन रंग टाकूं नये, समोरून यावें. खेळ आटोपला कीं त्याचे कान व केस कोरडे पुसून यंत्र पुन्हां बसवावें, आणि मगच त्यास पानावर बोलवावें.