‘पिस्तूल अडकले’ : एक क्रियापद आणि चार दोष

‘पिस्तूल अडकले’ या आपल्या वाक्प्रयोगात निदान चार निरनिराळे दोष सामावलेले असतात. नवे काडतूस नळीत न शिरणे, शिरलेल्याचा बार न उडणे, उडाल्यावर रिकामी पुंगळी नळीतून न निघणे, आणि निघालेली पुंगळी बाहेर न पडता मध्येच सापडणे, या चारही घटनांना आपण एकच क्रियापद लावतो. कोशकाराच्या दृष्टीने ही अर्थविस्ताराची साधी गोष्ट होय. परंतु स्वसंरक्षणार्थ पिस्तूल बाळगणाऱ्याचा जीव या भेदावर अवलंबून असतो. कारण प्रत्येक दोषाचे मूळ बहुधा वेगळ्या भागात असते आणि कोणता भाग बदलावयाचा हे त्यावरूनच ठरते.

पहिल्या दोषात संशय प्रथम मॅगझीनवर घ्यावा. त्याच्या तोंडाच्या कडा किंचित वाकल्या किंवा आतील स्प्रिंग शिथिल झाली, की काडतूस योग्य वेळी व योग्य कोनात वर येत नाही. पुष्कळजण मुठीच्या शोभिवंत फळ्यांवर खर्च करतात आणि मॅगझीन मात्र मिळेल ते वापरतात, हे नवलच! पोकळ, रुंद तोंडाची गोळी काही पिस्तुलांत नळीच्या उतारावर अडते, गोल तोंडाची सुरळीत जाते. म्हणून जे काडतूस बाळगावयाचे तेच झाडून पाहिले पाहिजे.

दुसऱ्या दोषात भाषेचा घोटाळा अधिक आहे. काडतुसाच्या टोपीवर आघात घडविणारा भाग तो ‘घोडा’. पण ‘घोडा दाबला’ असे म्हणताना हाच शब्द बोटाने ओढावयाच्या चापासही लावला जातो. चाप हलका व्हावा म्हणून घोड्याची स्प्रिंग मऊ बसविली, तर आघात दुबळा होऊन टोपी पेटत नाही. दोन्ही भागांस एकच नाव देणाऱ्याला हा कार्यकारणसंबंध सांगावा तरी कसा?

पुंगळी ओढून काढणारी आकडी हा भाग दिसावयास क्षुद्र, पण फार नाजूक. जॉन ब्राउनिंग यांच्या १९११ च्या नमुन्यात ही आकडीच स्प्रिंगचेही काम करते. तिचा ताण कमी झाला तर पुंगळी सुटते. जास्त झाला तर नवे काडतूस तिच्याखाली सरकत नाही. मार्च १९११ मधील अमेरिकी सैन्याच्या चाचणीत या पिस्तुलाने ६,००० बार एकदाही न अडकता काढले. प्रतिस्पर्धी सॅव्हेज पिस्तूल ३७ वेळा अडले. तथापि या विक्रमाच्या बळावर निरनिराळ्या कारखान्यांचे भाग एकत्र जोडणे सयुक्तिक नाही. चाचणी जुळलेल्या पिस्तुलाची झाली होती, सुट्या भागांची नव्हे.

अमेरिकेत मालक स्वतःच भाग बदलतो आणि शे-दोनशे बार काढून खात्री करून घेतो. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार दुरुस्तीस स्वतंत्र परवाना लागतो, शिवाय परवानाधारकास काडतुसेही मोजकीच मिळतात. तेव्हा येथे मूळ मापाचे भाग राखणेच श्रेयस्कर, आणि दुरुस्ती करणाऱ्याकडे जाताना तक्रार नेमकी हवी : कोणते मॅगझीन लावले होते, कितवे काडतूस होते, टोपीवर खळगा पडला होता काय, आणि रिकामी पुंगळी कोठे सापडली.