चरावरचा पत्रा आणि मनगटाचे हाड

पावसाळा सुरू झाला की दवाखान्यात ताप, खोकला आणि जुलाबाचे रुग्ण वाढतात, हे वाचकांना ठाऊकच आहे. परंतु याच दिवसांत आणखी एका प्रकारचे रुग्ण येऊ लागतात. कुणाचे मनगट सुजलेले, कुणाचा गुडघा सोलवटलेला, तर कुणाच्या कपाळाला टेंगूळ. विचारपूस केली की अनेकदा एकच उत्तर मिळते, "डॉक्टर, रस्त्यावरच्या त्या पत्र्यावरून घसरलो."

पाण्याची पाइपलाइन, गटार, विजेची केबल अशा कोणत्या ना कोणत्या कामासाठी रस्ता खणला जातो. काम पुरे होईपर्यंत वाहतूक चालू राहावी म्हणून चरावर लोखंडी पत्रा टाकतात. उघड्या खड्ड्यापेक्षा झाकलेला खड्डा केव्हाही बरा. २९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टीत मुंबईतील नामवंत पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्युमुखी पडले, हे अनेकांना आठवत असेल. परंतु खड्डा झाकला म्हणजे जबाबदारी संपली असे नाही. झाकणही माणसाला पाडणारे नसावे.

पत्रा निसरडा का होतो?

डांबरी रस्ता खडबडीत असतो. खडीच्या फटींत पाणी उतरते आणि टायरचे रबर खडीला धरून राहते. गुळगुळीत पत्र्याला अशा फटी नसतात. त्यामुळे टायर आणि लोखंड यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर टिकून राहतो. त्यात वाहनांतून गळलेले ऑइल आणि धूळ मिसळली की तो थर साबणासारखा बुळबुळीत होतो. म्हणूनच पहिल्या सरीच्या वेळी धोका अधिक असतो. उठावाची नक्षी असलेली चेकर प्लेट यापेक्षा बरी. मात्र वाहनांच्या रहदारीने नक्षी झिजते आणि तिच्यात चिखलही बसतो. त्यामुळे तिच्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये.

पडल्यावर शरीरात काय होते?

तोल जाताच माणूस आपोआप हात पुढे करतो. सगळा भार तळहातावरून मनगटावर येतो आणि तेथील हाड मोडते. या अस्थिभंगाचे वर्णन आयर्लंडमधील शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली केले, तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागलेला नव्हता. पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे विरळ होतात, त्यामुळे पन्नाशी ओलांडलेल्या भगिनींमध्ये हा प्रकार विशेष आढळतो. आणखी वय झाल्यावर हात वेळेवर पुढे येत नाही. माणूस कुशीवर पडतो आणि खुब्याचे हाड मोडते.

शिवणकामावर घर चालवणाऱ्या एक बाई मुलाच्या स्कूटरवर मागे बसून जात असता अशाच पत्र्यावर पडल्या. उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर, त्यानंतर बोटांचा ताठरपणा जाईपर्यंत व्यायाम. ऐन लग्नसराईत मशीन बंद राहिले. त्या एवढेच म्हणाल्या, "हाड जुळेल हो डॉक्टर, पण गेलेली गिऱ्हाइके परत येतील का?" अस्थिभंगाचा खर्च केवळ दवाखान्याच्या बिलावरून मोजता येत नाही.

प्रथमोपचार

१) हाताला मार लागला असल्यास बांगड्या, अंगठी, घड्याळ लगेच काढा. सूज चढल्यावर ती कापावी लागतात.

२) घडी घातलेले जाड वर्तमानपत्र मनगटाखाली ठेवून हलके बांधा आणि हात ओढणीच्या झोळीत ठेवा. तेल लावून चोळू नये, कुणाकडून ओढूनही घेऊ नये. बोटे निळी, गार वा बधिर झाल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

३) वृद्ध व्यक्तीला उभे राहता येत नसेल, एक पाय आखूड व बाहेर वळलेला दिसत असेल, तर तिला चालवू नका. आडवे ठेवूनच न्या.

४) डोक्याला मार लागल्यावर वारंवार उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणे, आकडी, कानानाकातून रक्त वा पाणी यांपैकी काहीही दिसल्यास घरी थांबू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी लक्षणे नसली तरी तपासून घ्यावे.

५) जखम वाहत्या पाण्याने व साबणाने धुवा. धनुर्वात गंजामुळे होतो हा समज चुकीचा आहे. त्याचे जंतू माती आणि शेणात असतात. लसीबाबत डॉक्टरांना विचारावे.

वाहन चालवताना

वेग पत्र्याच्या आधीच कमी करा. पत्र्यावर ब्रेक दाबणे, हँडल वळवणे, ॲक्सिलरेटर पिळणे ही तिन्ही टाळा आणि सरळ रेषेत पार व्हा. हेल्मेट चालवणाऱ्याला तसेच मागे बसणाऱ्यालाही हवे. पायी जाणाऱ्यांनी झिजलेल्या चपला टाळाव्यात आणि पाऊल लहान व सपाट टाकावे.

पत्रा कसा असावा?

सारा भार नागरिकाच्या सावधगिरीवर टाकणे बरोबर नाही. पत्र्याच्या पृष्ठभागावर एपॉक्सीत बसवलेल्या कठीण कणांचा खरखरीत लेप असावा. न्यूयॉर्क शहराच्या नियमांनुसार पत्र्याची पकड शेजारच्या रस्त्याइतकी तरी असावीच लागते. पत्रा चराच्या दोन्ही बाजूंना फूटभर टेकलेला आणि हलणार नाही असा पक्का बसवलेला हवा. कडेला डांबराचा उतार हवा, नाहीतर कडेला ठेच लागते आणि चाक उसळते. जाडीही महत्त्वाची आहे. २० मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर पत्र्याचे वजन सुमारे १५७ किलो भरते, तर ६ मिलिमीटरच्या पत्र्याचे जेमतेम ४७ किलो. असा हलका पत्रा वाकतो, खडखडतो आणि जागचा सरकतो. रात्री दिसेल असा दिवा वा चकाकणारी पट्टीही आवश्यक आहे.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम १९८-अ नुसार, रस्त्याचे सुरक्षा-निकष न पाळल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंड हा हाड मोडल्यानंतरचा उपाय झाला. आपल्या गल्लीत गुळगुळीत किंवा हलणारा पत्रा दिसला तर त्याचे छायाचित्र काढा, ठिकाण व तारीख लिहून नगरपालिकेत अर्ज द्या आणि पोच घ्या. देवीची लस टोचून घेताना रोग येण्याची वाट कुणी पाहिली नाही. पत्र्याच्या बाबतीतही पहिला माणूस पडण्याची वाट पाहू नये.