दादराची रात्र आणि पेशव्यांची सनद

मुंबई सेंट्रलहून सुरतेच्या गाडीत बसलं, की डहाणू, उंबरगाव मागे पडतं आणि वापी येतं. तिथून जवळच दादरा. आपलं दादर नव्हे, दादरा! हा घोटाळा आम्हाला दर वेळी आधी निस्तरावा लागतो.

21 जुलै 1954. ऐन पावसाळ्यातली रात्र. युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सचे मूठभर कार्यकर्ते फ्रान्सिस मस्करेन्हस आणि वामन देसाई यांच्या नेतृत्वाखाली दादराच्या पोर्तुगीज पोलीस ठाण्यावर चालून गेले. ठाण्याचा सबइन्स्पेक्टर आनिसेतो रोझारियो मारला गेला. दुसऱ्या दिवशी तिरंगा चढला. रोझारियोचं नाव मुक्तिलढ्याच्या कथांत बहुधा गाळलं जातं. आम्ही ते गाळणार नाही. तो आपली चौकी राखत होता.

पुढे 28 जुलैला नरोली आणि 2 ऑगस्टला सिल्वासा, आझाद गोमंतक दल आणि संघाच्या स्वयंसेवकांनी घेतलं. त्यांत राजा वाकणकर होते, आपले सुधीर फडके होते. पैसा उभा करायला पुण्यात लता मंगेशकरांचा कार्यक्रम झाला, हे तुम्ही ऐकलं असेलच. कॅप्टन फिदाल्गो आपले पोलीस घेऊन खानवेलकडे हटला आणि 11 ऑगस्टला उदव्याला भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला.

आता खरा प्रश्न. एवढ्याशा माणसांनी घेतलेली ठाणी पोर्तुगालनं परत का घेतली नाहीत? उत्तर नकाशात आहे. हे मुलूख चारी बाजूंनी भारतानं वेढलेले. दमणहून कुमक पाठवायची तर भारताच्या जमिनीवरून. 21 जुलैपर्यंत दमणच्या गव्हर्नरला दादराला जायला व्हिसा मिळत होता. त्या रात्रीनंतर वाट बंद झाली. गोव्याचं तसं नव्हतं. तिथे समुद्र होता, फौज उतरवता येत होती. 15 ऑगस्ट 1955ला नि:शस्त्र सत्याग्रहींवर तिथे गोळ्या चालल्या, आणि गोवा सुटायला डिसेंबर 1961 उजाडला.

पोर्तुगाल 1955 साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. तिथे निघाली कागदपत्रं कुणाची? पेशव्यांची! 1779चा तह, 1783 आणि 1785च्या सनदा. पोर्तुगीज म्हणाले, आम्हाला मुलूख मिळाला. न्यायालयानं म्हटलं, मराठ्यांनी दिला तो वसूल, जहागीर किंवा सरंजाम म्हणून; सार्वभौमत्व नव्हे. पण, आणि हा 'पण' आपल्याकडे सोयीनं विसरला जातो, पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांची सत्ता गृहीत धरली आणि भारतानंही ती चालू दिली, हेसुद्धा न्यायालयानं नोंदवलं.

निकाल 12 एप्रिल 1960चा. सामान्य माणसं, अधिकारी, माल यांना वाट होती. फौज, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं यांना नव्हती. हा दुसरा भाग 8 विरुद्ध 7 मतांनी सुटला. एक न्यायाधीश पलीकडे असता, तर निदान कागदावर दमणच्या फौजेला वाट मिळाली असती.